अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना गोळा आहे. जाणकार मला शिल्प म्हणतात. एका तरुण मुलीने मधमाश्यांचं मेण वितळवून, थरावर थर देत मला घडवलं. आकार कशासारखाच नाही. प्रदर्शनात लोक माझ्यापुढे थांबत, एकमेकांकडे बघून हसत आणि पुढे जात.

एक चष्म्याचे दुकानदार मात्र रोज दुकान बंद करून येत राहिले आणि शेवटच्या दिवशी मला घरी घेऊन गेले. तिथे जळक्या कागदाची, गुंतलेल्या तारांची अशी माझ्यासारखी बरीच मंडळी आधीच होती. त्यांची बायको म्हणाली, "बसायला धड खुर्ची नाही, आणि हे बटाटा घेऊन आले." तेव्हापासून घरात माझं नाव बटाटाच पडलं.

लोक नावाजलेली जुनी चित्रं घेतात, तुम्ही हे का आणता, असं त्यांच्या मुलीने एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्यांचं चांगलं-वाईट ठरून गेलंय गं. याचं अजून कुणी ठरवलेलं नाही. आपल्यालाच बघावं लागतं."

मला ऊन सोसत नाही, म्हणून त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला. मला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. फडकं घेऊन आलेल्या बायकोलासुद्धा ते अडवत. पण घरात कुणी नसलं की स्वतःच माझ्याजवळ येऊन उभे राहत आणि माझ्या एका कडेवर अंगठा फिरवत. दिवसभर काचा पुसून लागलेली सवय. होता होता तिथे एक खळगा पडला, नेमका त्यांच्या अंगठ्याचा. हे गुपित आम्हा दोघांचंच होतं, आणि मला त्याचा मोठा तोरा होता.

मग ते गेले. भेटायला माणसं येऊ लागली. किती कोंदट झालंय, उजेड तरी येऊ दे, असं म्हणत त्यांच्या बहिणीने पडदा सरकवला. चांगल्या मनानेच. दुपारभर माझ्यावर ऊन पडलं आणि मी मऊ होत गेलो. मला हाक मारता येत नाही.

संध्याकाळी मुलगी खोलीत आली. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची माणसं आम्हा सगळ्यांना न्यायला येणार होती. तिने आधी पडदा ओढला. मग तिला खळगा दिसला.

"आई, हे बघ. कुणीतरी इथे दाबलंय."

"राहू दे गं. बटाटाच तो."

"बाबांना साधा ओरखडा चालत नव्हता. त्यांची वस्तू नीट जायला हवी."

तिने खळग्यावर अंगठा ठेवला. तो त्यात अगदी नेमका बसला. ती क्षणभर थांबली. मला वाटलं, कळलं हिला. पण तिने कडेचं मेण हलक्या हाताने आत ओढलं आणि खळगा बुजवून टाकला. किती मायेने, ते मीच जाणतो.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू आवरायला घ्याल, तेव्हा जरा दमाने घ्या. तिच्यावरचा प्रत्येक डाग पुसण्यासाठी नसतो, आणि वस्तूला बोलता येत नाही.

आता मी काचेच्या पेटीत असतो. इथे ऊन येत नाही. ती अधूनमधून येते, वाकून माझी ती कड बघते, आणि ती गुळगुळीत आहे अशी खात्री झाली की समाधानाने घरी जाते.