गरौठ्यापर्यंत साजूक तुपात

मी रेल्वेत टेबलावर काम करतो, म्हणजे बसतो. बसणं हीच माझी पात्रता, आणि आजवर माझ्या बसण्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही. त्यामुळे लग्नाच्या बोलण्यात आईनं फोनवर "आमचा अक्षत सायकलवर कुठंही जातो हो" असं सांगितलं, तेव्हा मी बसल्या जागी दचकलो. कुठंही म्हणजे झाशीतल्या सीपरी बाजारात. कोथिंबीर आणायला.

फोनच्या पलीकडे सई होती. मूळची झाशीचीच, पण नोकरी गरौठ्याला, जनावरांची डॉक्टर. मी तिला एकदाच पाहिलं होतं, गणपतीच्या आरतीत. आरती चालू असताना मंडपात एक सांड घुसला. लोक खुर्च्यांवर चढले, मी गणपतीच्या मागे गेलो. सईनं सांडाला शिंगाला धरून, "चलो भैया, बाहर," असं म्हणत गेटपर्यंत पोचवलं आणि परत येऊन उरलेली आरती म्हटली. त्या दिवसापासून मला दुसरं कुणी चालणार नव्हतं. तिला मी चालेन का, एवढाच प्रश्न होता.

"मग रविवारी सायकलवरच येऊ दे त्यांना," सई आईला म्हणाली. "माझं कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर आहे, मला झाशीला येता नाही येणार. मीही सायकल चालवते, काकू. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर तर आहे. फक्त एक सांगते, खोटं बोलणारं घर मला नको."

आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू खोटं मीच बोललो होतो.

सराव म्हणून मी ओरछ्याला जाऊन आलो. परत आलो तेव्हा माझ्या आणि खुर्चीच्या संबंधांत कटुता आली होती. सीट जिथं लागते तिथं सगळं सोलवटून लाल झालेलं, आणि एका बाजूला पुटकुळी. मी दारातूनच सांगितलं, "मी आता आयुष्यभर उभा राहणार आहे."

माझे बाबा, रत्नाकर टेंबे, रेल्वेच्या डबे तपासणीतून रिटायर झालेत. फलाटावर उभं राहून जाणाऱ्या गाडीच्या चाकांचा नुसता वास घेऊन ते सांगायचे, की कुठला डबा तापलाय. आता गाड्या नाहीत म्हणून ते घरातल्या वस्तू तपासतात. हातोडीनं हळूच वाजवून त्यांनी आमचा फ्रिज नापास केलेला आहे. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"हॉट एक्सल," ते म्हणाले.

"बाबा, ती जखम आहे."

"तेच. घर्षण वाढलं, वंगण कमी पडलं, एक्सल तापला. हातोडी कुठाय?"

"खबरदार पोराला वाजवाल तर!" आई ओरडली.

बाबांनी माळ्यावरून ग्रीसचा डबा काढला. आई त्यांच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. "ते इंजिनाचं काळं माझ्या लेकाला? वंगणच हवं ना? मग घरचं साजूक तूप काय वाईट आहे?"

बाबांनी विचार केला. "चालेल," ते म्हणाले. "पण रवाळ नको. रवाळ घासेल."

मी गादीची सायकल चड्डी मागवली होती. तिच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की आत काही घालू नये. हे वाचून आईनं खोकंच उलटं ठेवलं. "आपल्या घरात असं चालत नाही. मुलगी बघायला आत काही न घालता जाणार?" म्हणून मी आत दोन घातल्या. एक सभ्यतेसाठी, एक सुरक्षेसाठी. शिवाय आईनं जुन्या साड्यांची एक जाडजूड घडी शिवून सीटवर बांधली. आता मी सायकलवर बसलो, की हत्तीवरून वरात निघाल्यासारखा दिसत होतो.

रविवारी उजाडता उजाडता तूप थापून निघालो. मागून बाबा स्कूटरवर. त्यांनी कुठून तरी लाल आणि हिरवा झेंडा मिळवला होता. गार्डशिवाय गाडी सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. हिरवा झेंडा, शिट्टी, आणि आम्ही सुटलो.

चिरगावपर्यंत बरं चाललं होतं. मग ऊन चढलं आणि तूप वितळलं.

हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गरम तूप, दोन चड्ड्या, घाम. थोड्याच वेळात माझ्यामागून शिऱ्याचा वास सुटला. पहिलं कुत्रं एका ढाब्यापासून लागलं. ते भुंकत नव्हतं, नुसतं श्रद्धेनं मागून येत होतं. मग दुसरं आलं. मग एका गावातली सगळी आळीच आली. मी जोरात पाय मारले, की घर्षण वाढायचं, घर्षणानं तूप आणखी तापायचं, आणि वास पुढच्या गावात माझ्या आधी पोचायचा. आपण ज्याला पळवून लावतोय त्यालाच बोलावतोय, हे फार थकवणारं असतं. जुनी मंडळी पाय ओढत मागे पडत होती, पण प्रत्येक गाव नवी भरती देत होतं.

एका पारावरच्या म्हाताऱ्यानं हाक मारली, "काए भैया, घी बेच रए का?"

"नहीं दादा, शादी की बात करने जा रहे हैं!"

म्हाताऱ्यानं मागच्या लवाजम्याकडे नीट पाहिलं. "लड़की वालन खों पहलेई बता दी, इत्ती बरात आ रई?"

गुरसराय गेल्यावर मी सीटवर बसणं सोडलं. उभ्यानंच पाय मारत होतो. मागून बाबा लाल झेंडा दाखवून ओरडत होते, "अक्षत, थांब! धूर निघेल!" पण थांबलो असतो तर परत बसावं लागलं असतं. आणि सईला शब्द गेला होता.

गरौठ्यात जनावरांच्या दवाखान्याबाहेर कापडी फलक होता, टेबल होतं, लशींचा बर्फाचा डबा होता. कुत्रं एकही नव्हतं. सई हातावर हनुवटी टेकवून बसली होती. मान वर करून तिनं पाहिलं, तर रस्त्यावरून मी, माझ्यामागे तालुक्याभरातली कुत्री, आणि सगळ्यांच्या मागे झेंडा घेतलेले बाबा.

ती उभी राहिली. "हे... सगळे तुमचे?"

"नाही. वाटेत भेटले."

"मी सकाळपासून गल्लोगल्ली फिरले. बिस्किटं टाकली. एक आलं नाही." तिनं सिरिंज उचलली. "हलू नका. आहात तसेच उभे राहा."

मी उभा राहिलो. ते मला जमत होतं. कुत्री माझ्याभोवती डोळे मिटून हुंगत उभी होती आणि सई एकेकाला टोचत होती. कुणी कुईं केलं नाही. एका कुत्र्यानं तर दोनदा रांग लावली.

सगळं आटोपल्यावर तिनं खुर्ची पुढे केली. "बसा ना."

"नको. मला उभं राहायला आवडतं."

"चालून दाखवा जरा."

मी चाललो. बाबाही बाजूनं वाकून बघत होते.

"जू लागलेल्या बैलासारखे चालताय," सई म्हणाली. "आत काय घातलंय?"

मी आकाशाकडे बघत सगळं सांगितलं. चड्ड्या, साड्यांची घडी, तूप.

"बैलाच्या खांद्यावर मऊ चिंध्यांचा थर चढवला, की जू जास्त हलतं आणि जास्त घासतं. तुमचंही तेच. ती घडी काढून टाका. गादीची चड्डी एकटीच घालायची, कोरडी आणि रोज धुतलेली. सीटची उंची नीट करा, दर थोड्या वेळानं उठून वारा लागू द्या. तूप खायचं, लावायचं नाही. लावायला साधं व्हॅसलिन. आता आत जा, कोमट पाण्यानं धुवा, कोरडं करा, सैल लुंगी देते ती नेसा. बरं होईपर्यंत सायकल बंद. ताप आला किंवा गळू धरलं, तर माणसांच्या डॉक्टरकडे जा. माझ्या सुया तुम्हाला झेपायच्या नाहीत."

लुंगी नेसून बाहेर आलो. "एक सांगायचंय," मी म्हणालो. "आई म्हणाली ना, मी कुठंही जातो. मी कोथिंबिरीच्या पुढे कधी गेलेलोच नव्हतो."

बाबांनी खोकला काढला. सईनं बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं.

"पण आलात ना?" ती म्हणाली. "कुठंही जातो, एवढंच काकू म्हणाल्या. परत येतो असं त्या बोलल्याच नव्हत्या. यात खोटं काय?"

बाबांना इतकं समाधान झालं, की त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सिक.

"हे काय, काका?"

"नादुरुस्त डब्यावर लिहितात, बेटा. मग त्याला पुढे जोडत नाहीत."

"मग त्याचं काय करतात?"

"ज्या स्टेशनवर सापडला तिथंच गाडीतून कापून ठेवतात. दुरुस्त होईपर्यंत."

सईनं माझ्याकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. "मागे एक खोली आहे," ती म्हणाली. "शेजारी म्हैस आहे, पण ती त्रास देत नाही. ठेवा इथंच."

बाबा फोन घेऊन बाजूला गेले. आईचा आवाज मला इथवर ऐकू आला. "अहो, पसंत पडला का?"

"डबा गरौठ्याला कापला," बाबा म्हणाले, आणि स्कूटरला हिरवा झेंडा दाखवून स्वतःच निघून गेले.