पोटात पाणी भरलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. फायबरची, चार-पाच माणसं बसतील एवढी. स्वस्थ बसणं माझ्या घडणीतच नाही. काठावरची बाभूळ हलली तरी मला वाटतं, निघायला हवं.

मला विरुपाक्षांनी घडवलं. अंबाजोगाईत ते कुलरच्या फायबरच्या टाक्या बनवत. धर्मापुरीजवळच्या एका तलावावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेला पाहुण्यांना फिरवण्यासाठी होडी हवी होती. विरुपाक्षांनी माझा आकार आधी फरशीवर खडूने काढला, मग साचा केला आणि त्यात काचेच्या धाग्यांचे थर रेझिन नावाच्या चिकट, वाळून कडक होणाऱ्या द्रवात भिजवून बसवले. पोटाखाली लोखंडाचा एक जड पंख एकजीव केला. त्याला कील म्हणतात. वाऱ्याने होडी कलली की हे वजन तिला परत सरळ करतं.

संस्थेचे चेअरमन अर्जुनराव मला पाहून हसले. "बे विरुपाक्ष, हिला खालून कुऱ्हाड कावून लावली? उथळ पाण्यात रुतंल की."

"रुतंल, पण उलटणार न्हाई. आत लेकरं बसणार हायत."

सुरुवातीची वर्षं धावण्यात गेली. संस्थेच्या सभासद सत्यभामाबाई मासळी विकून आल्या की माझं सुकाणू धरत. केजहून आलेली मुलं पाण्यात हात घालून ओरडत, आणि मी कलून पुन्हा सावरले की टाळ्या वाजवत.

मग पावसाळे कोरडे जाऊ लागले. तलाव आटला, मासे संपले, बरेचसे सभासद ऊसतोडीला गेले. मी काठाजवळच्या चिखलात रुतले आणि एका अंगावर कलंडले. वारा मात्र रोज यायचा. डोलकाठीवरचे दोर वाजायचे आणि मी जागच्या जागी थरथरायचे. माझ्याकडे कोणी बघेना.

त्यातच गावची पाण्याची टाकी तडकली. टँकर यायचा, पण घागरी भरेपर्यंत थांबायचा नाही. संस्थेच्या सभेत ठरलं की होडीतच पाणी साठवायचं. पण कलंडलेल्या होडीत पाणी राहणार कसं? अर्जुनराव म्हणाले, खालचा पंख कापा, म्हणजे सपाट बसेल. विरुपाक्षांना बोलावणं गेलं. ते लोखंड कापायची करवत घेऊन आले. गावाला पाणी हवं होतं, ते नाही कसे म्हणणार?

त्यांनी माझ्या कीलवर खडूची रेघ मारली. तेवढ्यात सत्यभामाबाईंनी विचारलं, "कापल्यावर ही परत चालंल का?"

"तरंगंल," विरुपाक्ष खाली बघत म्हणाले. "शीड लावलं तर लेकरांसकट उलटंल."

"बाई, घरात प्यायला पाणी न्हाई अन् तुमाला होडी चालवायची हाय?" अर्जुनराव म्हणाले.

"पाण्यासाठीच आलेय मी बी. पंख मावंल एवढा खड्डा करा की जमिनीत. तिला कावून कापता?"

अर्जुनरावांनी कुदळी मागवल्या. विरुपाक्षांनी करवत बाजूला ठेवली. बायकांनी चर खोदला, माझी कील त्यात उतरवली. मी बाहेरून दाब सोसायला केलेली. आतून पाण्याने रेटलं तर फाकेन, म्हणून विरुपाक्षांनी माझ्या दोन्ही बाजूंना मातीचा भराव घालायला लावला.

ज्या पाण्याला बाहेर ठेवायला मला घडवलं, ते पोटात घेऊन मी उभी राहिले. वाऱ्याने ते पाणी हिंदकळलं की जीव कासावीस व्हायचा. पण घागरी बुडायच्या आणि भरून वर यायच्या, तेव्हा मी स्वतःला आवरायचे.

अखेर एका वर्षी तलाव भरू लागला आणि पाणी माझ्या भरावाला टेकलं. आतलं पाणी उपसून फेका, असं कोणीतरी म्हणालं. एकाही बाईने फेकलं नाही. घागर घागर करून त्यांनी ते घरी नेलं. शेवटची घागर अर्जुनरावांच्या खांद्यावर होती. मग भराव काढला. पाण्याने मला खालून उचललं आणि कील चरातून सुटली.

मित्रांनो, अडचणीच्या वेळी वस्तू दुसऱ्या कामाला लावावी लागते. खुशाल लावा. पण तिचं जे अंग आज तुम्हाला आडवं येतं, ते कापण्याआधी कशासाठी बसवलं होतं एवढं विचारा. कधी कधी खड्डा खोदूनही भागतं.

आता मला थांबवू नका. सत्यभामाबाई शीड सोडताहेत.