बेबाबाईंनी गाव विचारलं नाही तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. धुळ्यातल्या एका दवाखान्यात, तातडीच्या विभागाच्या दारापाशी माझा मुक्काम. नवी आले तेव्हा माझ्या निळ्या गादीवरचं प्लास्टिक काढायलाही कुणी धजत नव्हतं. काय तो माझा थाट! पुढे गादी उसवली, डावं चाक कुरकुरू लागलं आणि लोक मला टाळून दुसरी खुर्ची शोधू लागले.

पण गेल्या सोमवारी फागण्याच्या बेबाबाई माझ्यावर बसल्या. पहाटेपासून उलट्या, पोटात अन्नाचा कण नाही, तरी मधुमेहाची, साखर कमी करणारी गोळी मात्र नेमाने घेतलेली. सोबत दहावीतली नात रोहिणी. काय होतंय, असं सिस्टरांनी विचारलं तर म्हातारी हसून म्हणाली, "माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे."

सगळं बरं आहे म्हणे! झालं. परक्यापुढे दुखणं सांगायची आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना लाजच फार. त्यात अपघाताची दोन माणसं आली आणि बेबाबाईंचा नंबर मागे मागे गेला.

दहाचे दोन वाजले. पण कंटाळा कसला! बेबाबाई येईल त्याला गाव विचारत आणि पाचव्या मिनिटाला नातं काढत. पाय सुजलेले पहूरचे झुलालनाना तर त्यांच्या चुलतसुनेचे मामाच निघाले. मग थट्टेला ऊत आला. माझं चाक कुरकुरलं तशी बेबाबाईंनी पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली नानांच्या हाती दिली. नाना वाकून तेल सोडत म्हणाले, "विहीणबाई, कण्हायचं कसं ते हिच्याकडून शिका. नंबर लवकर लागेल." सगळी रांग हसली.

मग एक बाई शेजारी येऊन बसली आणि बेबाबाईंनी तिला गाव विचारलंच नाही. माझ्या दांडीवरची त्यांची पकड सैल झाली होती, तळवा घामाने ओला. मला कळत होतं, पण मला कुठे तोंड आहे? रोहिणीने मात्र ओळखलं. ती थेट सिस्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"आजी गाव विचारत नाहीये. तिला आधी बघा."

सिस्टर क्षणभर गोंधळल्या. नाना म्हणाले, माझा नंबर हिला द्या. रोहिणीने मला ढकललं आणि मित्रांनो, मी अशी पळाले की बस! ना कुरकुर, ना अडखळणं. आत बोटाला टोचून तपासलं तर साखर पार खाली गेलेली. लगेच सलाईनमधून ग्लुकोज सुरू झालं. रोहिणी माझी मूठ घट्ट धरून उभी होती.

थोड्या वेळाने बेबाबाईंनी डोळे उघडले. समोर वाकलेल्या डॉक्टरांना निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोनता गावना शेतस?"

रोहिणी रडता रडता हसली. डॉक्टर यावलचे निघाले. नातं निघायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांच्या चाकात कधीमधी थेंबभर तेल सोडत जा. आणि म्हातारं माणूस "बरं आहे" म्हणालं म्हणून पुढे जाऊ नका. ते रोज काय बडबडतं, ते ध्यानात ठेवा. ती बडबड थांबली की धावत या. मी दारातच उभी आहे.