दोन मिनिटांचा जिना

दार आणि चौकट यांच्यामध्ये नऊ मिलिमीटरची फट होती. थोरलीने मापपट्टी लावून ती वर, मध्ये आणि खाली मोजली. तिन्ही ठिकाणी नऊ. दुसऱ्या कुठल्या सुताराने असं दार बसवलं असतं तर गिऱ्हाइकाने त्याची खरडपट्टी काढली असती. तिच्या बाबांकडे मात्र लोक मुद्दाम अशीच दारं करून घ्यायला यायचे.

बावीस वर्षांपूर्वी, भूकंपाच्या आधी, बाबांनी बसवलेल्या दाराच्या फटीतून पोस्टकार्डसुद्धा जात नसे. ख्यातीच होती तशी. मग एका सकाळी, दहा वाजून सतरा मिनिटांनी, देशातली तीन शहरं बघता बघता खाली बसली. धाकटा काका तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याच्या आतल्या खोलीची चौकट बोटभर तिरकी झाली आणि बाबांनी स्वतः बसवलेलं ते घट्ट दार उघडलंच नाही. काका आत होता.  तेव्हापासून बाबांची फट नऊ मिलिमीटर.

आई त्या दिवशी काकाकडेच गेली होती, बाहेरच्या खोलीत सापडली. हाका मारून मारून दमली तेव्हा, शुद्ध जाऊ नये म्हणून तिने पाढे म्हणायला घेतले. अकराव्या तासाला ती म्हणाली, "सतरा सत्ते एकशे वीस," आणि ढिगाऱ्यावरून कुणीतरी खेकसलं, "एकशे एकोणीस!"

ही गोष्ट सांगताना आई दरवेळी इथे थांबायची आणि पोट धरधरून हसायची. "मला वाटलं देवच बोलला. म्हटलं, देव एवढा खडूस?"

त्यांच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. न्हाणीघराच्याही नाही. म्हणून आत जाईल त्याने मोठ्याने गायचं, असा नियम होता. बाबा बेसूर गायचे, आई पाढे म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळे लिफ्टवाला म्हणत तो, पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा हे त्याला सांगायचं राहून गेलं. तो गपचूप आत गेला आणि आई कपड्यांची बादली घेऊन थेट त्याच्यावर जाऊन आदळली. त्याच दिवशी घराबाहेर पडताना त्याने थोरलीला विचारलं, "एवढं झाल्यावर आता लग्नच करायला हवं ना?"

थोरली म्हणाली होती, "बघू."

बघता बघता नऊ वर्षं झाली. तिला तो आवडायचा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण तो समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायचा आणि थोरली बावीस वर्षांत एकही जिना चढली नव्हती, लिफ्टमध्येही पाय ठेवला नव्हता. त्याला खाली घर घ्यावं तर तळमजल्यासाठी सगळ्या शहराची रांग होती. त्याचा नंबर यायला अजून चौदा वर्षं होती. शिवाय त्याची आई म्हणायची, "मला माझी खिडकी सोडून कुठे नेलंत तर याद राखा." अडतीस वर्षांच्या थोरलीने चौदाचा हिशेब केला होता. बावन्न. तरीही तोंडातून "हो" निघत नव्हतं आणि "नाही" म्हणायला जीभ रेटत नव्हती.

आज स्मृतिदिन होता. दरवर्षी दहाला देशभरच्या लिफ्ट बंद होत, माणसं रस्त्यावर उतरत आणि दहा सतराला भोंगा वाजला की दोन मिनिटं जो जिथे असेल तिथे स्तब्ध उभा राही. नंतर मात्र दुपारपर्यंत रस्ता गजबजलेला असे, जणू सगळ्या शहराची सुट्टी एकाच अंगणात.

दहाला आठ मिनिटं कमी असताना लिफ्टवाला धापा टाकत कार्यशाळेत शिरला.

"मिस्त्री, खुर्ची द्या एखादी. हातांची, भक्कम."

"का रे? आता बसून दुरुस्त्या करणार का?" बाबांनी विचारलं.

"आईला खाली आणायचंय. आमची लिफ्ट बंद आहे."

"लिफ्टवाल्याचीच?" आई आतून ओरडली. "लेका, कुणाला सांगू नकोस!"

"काल रुग्णालयाची अडली, मावशी. तिला आमच्या लिफ्टचा भाग काढून लावला. नवा आज सकाळी येणार होता, आलाच नाही. आणि आई तिकडे नवी साडी नेसून दारात बसलीय. म्हणते, बावीस वर्षांत चुकले नाही, तुझ्यापायी आज चुकवू?"

खुर्ची मिळाली. पण ती धरायला दोन माणसं लागणार होती. इमारतीतले सगळे केव्हाच चौकात गेले होते आणि बाबांची कंबर धरलेली होती. लिफ्टवाल्याने थोरलीकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे तिला कळलं.

"चौकातून कुणाला तरी घेऊन येतो," तो म्हणाला.

"त्या गर्दीतून जाऊन येईस्तोवर भोंगा होईल," थोरली म्हणाली. तिने मापपट्टी खिशात घातली आणि खुर्चीचा एक हात धरला. "चल."

बाबांनी रंधा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

जिन्याच्या एका टप्प्यात दहा पायऱ्या होत्या, मजल्याला दोन टप्पे. थोरली मोजत चढली. चाळिसाला तिने मोकळ्या हाताने कठडा पकडला. साठाला तिसरा मजला आला. तिथे ती थांबली नाही, कारण थांबले तर वळेन, हे तिला ठाऊक होतं. शंभराव्या पायरीवर म्हातारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"आलीस? नऊ वर्षं लागली."

"मावशी, बसा खुर्चीत."

"खिडकीतून बघ तरी आधी."

"वेळ नाही."

"आम्हाला नव्हती हो घाई."

उतरताना थोरली पुढे, खालच्या बाजूला, लिफ्टवाला मागे, प्रत्येक सपाटीवर खुर्ची टेकवून दम खात. म्हातारी अठ्ठावन्न किलो, खुर्ची सात. त्यातलं निम्म्याहून जास्त थोरलीच्या मनगटांवर होतं. तिसरा मजला गेला आणि आणखी आठ पायऱ्या उतरल्या, तेवढ्यात भोंगा वाजला.

तिघंही जागच्या जागी थांबली. खुर्ची टेकवायला जागा नव्हती, तिचे मागचे पाय वरच्या पायरीवर तर पुढचे हवेत. थोरलीने पाठ भिंतीला लावली. ती तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये होती, डोक्यावर तीन मजले, दहा वाजून सतरा. नेमकं हेच बावीस वर्षं तिच्या स्वप्नात यायचं.

तिने सेकंद मोजायला घेतले. दहाव्याला भिंतीकडे लक्ष गेलं. भिंत नुसती गार होती. तिसाव्याला काका आठवला, नाकात बोलून सगळ्यांच्या नकला करणारा. बावीस वर्षं तो तिला फक्त दारामागेच आठवला होता. आज तो दाराबाहेर, हसत होता. पन्नासाव्याला म्हातारीला शिंक येऊ लागली. तिने नाक दाबलं, डोळे गरगरवले, गाल फुगवले. वर लिफ्टवाल्याचे खांदे हलू लागले आणि खुर्चीही. थोरलीने त्याला डोळ्यांनी दटावलं आणि तिचंच हसू ओठांशी येऊन थांबलं. मनगटं पेटली होती. एकशे अठरा, एकशे एकोणीस.

भोंगा थांबला. म्हातारी सगळा जिना दणाणेल अशी शिंकली.

"काकाला आवडलं असतं हे," थोरली म्हणाली आणि तिला इतकं हसू फुटलं की खुर्ची दोन पायऱ्या उतरवून मधल्या सपाटीवर टेकवावी लागली. तिघंही डोळे पुसत राहिली. कोण कशासाठी पुसतंय, कुणी विचारलं नाही.

"मला खाली नेताय की इथेच ठेवताय?" म्हातारी म्हणाली.

"नेतो. पण आधी एक," थोरली म्हणाली. मनगटं चोळत तिने लिफ्टवाल्याकडे बघितलं. "मी राहायला येते."

"कुठे, या जिन्यात?"

"पाचव्या मजल्यावर. तुझ्याशी लग्न करून."