हातातल्या चपला

पहूरचा कुठलाही जुना फोटो ओळखावा तर मीच, असा एकाहत्तर सालापर्यंत माझा लौकिक होता. मग वाचनालयात एका गल्लीचा फोटो आला. महिनाभर भिंग घेऊन बसलो, पण ती गल्ली काही ओळखू येईना. झाडायला आलेल्या दिवालीबाईने एका नजरेत सांगितलं, "आबा, हाई चावडीम्होरली गल्ली शे."

सगळे तिचं कौतुक करू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कशावरून?" मी खेकसलो.

"बायास्न्या चपला हातमा शेतस ना. चावडीम्होरे आम्हले पायमा घालाले बंदी व्हती."

त्या चावडीत माझेच आजोबा बसायचे. तिथूनच रोज बूट वाजवत मी शाळेत जायचो.

मी भिंग खिशात घातलं.