आत्याबाईंचं उसनं पोट

आत्याबाई काही केल्या बुडत नव्हत्या, आणि त्यापायीच मरायला टेकल्या होत्या.

आत्याबाई म्हणजे समुद्री प्राण्यांच्या बचाव केंद्रातली हिरव्या जातीची कासवीण. जाळ्यात अडकून जखमी झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जालीम औषधं देऊन जखम बरी केली. पण त्याच औषधांनी पोटातले जिवाणूही झाडून नेले. गवतावर जगणारीच्या पोटात गवत पचवणारं कुणी उरलं नाही. खाल्लेलं आत कुजायचं, वायू धरायचा आणि आत्याबाई फुग्यासारख्या हौदावर तरंगायच्या. समुद्रपक्षी खडक समजून पाठीवर बसायचे; एकाने तर घरट्यासाठी काड्याही आणून टाकल्या. खोटं वाटत असेल त्याने पक्ष्याला विचारावं.

डॉक्टरीणबाईंना मात्र हसू येत नव्हतं. आत्याबाईंची पाठ उन्हाने सोलवटली होती, डोळे खोल गेले होते. केंद्राच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की आज दुपारी शेवटची सुई द्यायची, हाल बघवत नाहीत. त्यांचं चुकत होतं असंही नाही.

एक उपाय करून झाला होता. शेजारच्या हौदात मोठ्या डोक्याची एक कासवीण होती, आत्याबाईंच्या भावकीतली. तिची विष्ठा गाळून बाईंनी नळीने आत्याबाईंच्या पोटात सोडली. नात्यातलीच आहे, चालून जाईल, असा त्यांचा हिशेब. पण ती बया खेकडे फोडून खाणारी; तिच्या पोटातल्या जिवाणूंनी जन्मात गवत पाहिलं नव्हतं. आत्याबाई आणखीच फुगल्या.

"दादा आणि मी सख्खे भाऊ," बाईंचा दीर म्हणाला. केंद्राची बोट तोच चालवायचा. "तो लिटरभर दूध पिऊन ढेकर देतो, मला वासानेच कळ येते. आणि वहिनी, तुम्ही चुलत पोटं जुळवायला निघालात."

म्हणून सकाळीच दोघं उथळ समुद्रातल्या गवताच्या पट्ट्यावर गेले. तिथे आत्याबाईंच्याच जातीची रानटी कासवं चरायची. विष्ठा ताजी हवी, आणि तिला वारा लागता कामा नये, कारण पोटातले हे जिवाणू हवेत मरतात. घट्ट झाकणाची बाटली घेऊन बाई एका कासवाच्या मागे पोहत राहिल्या. ते पुढे, या मागे. दीर बोटीतून विचारत होता की एवढं शिकून हेच करायचं होतं का. दम संपत आला तेव्हा कुठे कासवाला दया आली. बाईंनी मूठ भरली आणि तेवढ्यात लाटेने त्यांना बोटीवर आपटलं. बाटली गेली. मुठीतलं विरघळायला लागलं. दुसरं भांडं नाही, दुसऱ्यांदा पाठलाग करायचं बळ नाही.

उबदार आणि झाकण असलेली एकच जागा जवळ होती. बाईंनी डोळे मिटले आणि मूठ तोंडात रिकामी केली.

परतताना दिराने दहा प्रश्न विचारले, उत्तर एकाचंही नाही. मग त्याने वहिनींचे फुगलेले गाल पाहिले आणि बोटीचा वेग वाढवला.

साहेब हौदाच्या काठावर पाठमोरे वाकून आत्याबाईंच्या मानेत शीर शोधत होते. पावलं वाजली तसे मागे न बघता म्हणाले, "बाई, काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा."

बाईंच्या घशातून नुसता हुंकार निघाला. तोंड उघडलं की सगळं संपलं, नाही उघडलं तरी संपलंच.

"समजलो मी," साहेब हळूच म्हणाले आणि सुई टेकवली.

बाईंनी कपड्यांसकट हौदात उडी घेतली आणि साहेबांचं मनगट धरलं. साहेबांनी बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारं हिरवं पाणी पाहिलं आणि सुईच त्यांच्या हातून गळाली. त्यांना वाटलं, बाईंनी विष घेतलं. "काय खाल्लंत?" ते पांढरेफटक होऊन विचारत राहिले.

"आहेर आहे, साहेब," धापा टाकत आलेला दीर म्हणाला. "आत्याबाईंच्या माहेरचा."

आत्याबाईंच्या घशात नळी सरकवून झाली तसं बाईंनी दुसरं टोक तोंडात धरलं आणि होतं नव्हतं ते आत फुंकलं.

साहेबांनी मुदत वाढवली, तीही पुटपुटत. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. आत्याबाईंनी मान उचलणंही सोडलं. साहेब पुन्हा सुईच्या कपाटापाशी घुटमळायला लागले, आणि बाई त्यांची नजर चुकवायला लागल्या.

मग एका सकाळी हौदावर नुसतं पाणी होतं. साहेबांनी न विचारता उरकलं, बाईंना वाटलं. त्या काठाला धरून वाकल्या. तळाशी आत्याबाई दगडासारख्या पडल्या होत्या.

बाई खाली गेल्या आणि दोन्ही हातांनी त्यांना हलवलं. आत्याबाईंनी वल्ह्यासारख्या हाताने बाईंना एक सणसणीत लगावली, वर जाऊन श्वास घेतला आणि तळाशी टाकलेल्या गवताकडे परत बुडाल्या.