मागे ओतायचं पाणी

इस्तंबूल सोडायचं म्हटलं की झावेन चिलिंगिरियानच्या तोंडचं पाणी पळायचं. साठी उलटलेला माणूस, सारी हयात आर्मेनियन साप्ताहिक चालवण्यात गेलेली, कोर्टकचेऱ्या करून टणक झालेला. पण या शहराबाहेर मरायची त्याला भीती वाटायची. जन्म फेरीकोय वस्तीतल्या याच गल्लीतला. बायको सिरार्पी शिश्लीच्या दफनभूमीत, आणि तिच्या शेजारची जागा त्यानं स्वतःसाठी राखून ठेवलेली. मग जायचं कुठं आणि कशाला?

पण गप्प बसेल तर तो झावेन कसला! गल्लीच्या तोंडाशी झाडांखाली बसून चहा प्यायची जी बाग आहे, ती आधी कोणत्या आर्मेनियन घराची होती आणि ती माणसं रातोरात कुठं गेली, हे त्यानं नावानिशी छापलं. झालं! आग्यामोहोळ उठलं. फोनवर शिव्या, दारावर लाल फुली, ऑफिसात पाकिटातून आलेली बंदुकीची गोळी. पोलिसांनी चहा पाजला, 'बघतो' म्हणाले, आणि बघतच बसले.

आपल्या माणसांची तऱ्हा तर त्याहून वाईट. रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. सराफ निशान, शाळेपासूनचा दोस्त, त्याला आवारात कोपऱ्यात ओढून म्हणाला, "लिहितोस तू आणि काचा फुटतात आमच्या. बाबा रे, आमच्या लेकराबाळांचा तरी विचार कर! जा ना पोरीकडे." झावेनला हे त्या गोळीपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन तो जेवला नाही.

फ्रान्समधल्या ल्योंहून मुलगी तलार रोज फोनवर रडायची. "पप्पा, तुम्ही तिथं रस्त्यात पडलात तरी त्या शहराला काही वाटणार नाहीये!"

"बरं बाई, येतो. दोन आठवडे. पण परत येणार हं, सांगून ठेवतो. नेबाहत आबला मागे पाणी ओतते तोवर मला काही होत नाही."

आमच्याकडे इस्तंबूलात कोणी प्रवासाला निघालं की त्याच्या मागे भांडंभर पाणी ओततात. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. समोरच्या घरातली नेबाहत, तुर्की विधवा, झावेनला अंगाखांद्यावर खेळवणारी, म्हणून त्याची आबला, म्हणजे थोरली बहीणच. तो सैन्यात गेला तेव्हा तिनं पाणी ओतलं, आला. कोर्टात गेला, ओतलं, आला. सिरार्पीला दवाखान्यात नेलं त्या दिवशी नेमकी नेबाहत लेकीकडे गेली होती. तेवढी एकच खेप कोरडी गेली आणि सिरार्पी परत आली नाही. तेव्हापासून झावेन, एवढा शिकलासवरलेला संपादक, कोपऱ्यावरच्या भाकरीच्या दुकानापलीकडे जायचं असलं तरी आबलाला हाक मारायचा. हसा, हसायचं तर.

निघायच्या सकाळी त्यानं बॅग मुद्दाम लहान घेतली. जाड कोट खुंटीवरच ठेवला, चष्म्याची जुनी जोडी उशाशी ठेवली. टॅक्सी आली. नेबाहत दारात उभी होती, हातात काठोकाठ भरलेली सुरई. त्याला हायसं वाटलं.

"ही किल्ली. जिरेनियमला पाणी घाल, बुडवू नकोस मात्र."

तिनं किल्ली घेतली. तो गाडीत बसला, काच खाली केली.

"हं, ओत आता."

ती हलली नाही.

"आबला, ओत की! विमान चुकेल माझं."

"नाही ओतत."

"सकाळी सकाळी चेष्टा लावलीस?"

"कसली मेली चेष्टा!" ती काचेशी वाकली. "काल माझा जावई जेवता जेवता म्हणाला, जाऊ दे म्हाताऱ्याला, परत येईल तेव्हा आमची पोरं त्याला सोडणार नाहीत. माझ्या घरात बसून म्हणाला रे! मी वाढत होते त्याला. आणि मी काय केलं? गप्प बसले, आणखी भात वाढला."

या बाईच्या स्वयंपाकघरात झावेन लहानपणी पोटभर जेवला होता.

"अगं पण सिरार्पी तिथं एकटी..."

"तिच्याकडे मी जात जाईन. फुलं नेईन. तुमच्या पाद्र्याला गाठून धूप करायला लावीन. पण तू येऊ नकोस. माझ्या पाण्यानं परत आलास आणि इथं या दारात पडलास, तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"थोडंसं ओत," झावेन म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "चार थेंब तरी ओत, आबला. तुझ्या पाया पडतो."

नेबाहतनं मान हलवली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "ने त्याला! उभा काय राहिलायस?"

गाडी निघाली. झावेन मागच्या काचेला चिकटून बघत राहिला. नेबाहतनं सुरई दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरली होती, सांडू नये म्हणून. वळणापर्यंत रस्ता कोरडा होता.